घडीच्या कॅम्परचं (छत उघडता-मिटता येणाऱ्या मुक्कामाच्या गाडीचं) छत कडेने गळतंय, पावसाळ्यात तोरणमाळला न्यायचाय. काय करू?
आधी फट शोधा, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं हातभर लांब. छताच्या कडेच्या रबरी पट्टीला खडू फासून छत बंद करा, मग उघडा. समोरच्या कडेवर जिथे खडू उमटला नाही, तिथे फट. आपल्या जळगाव-भुसावळकडचं ४५ अंशांचं ऊन रबर पार कडक करतं. दबलेली पट्टी पुन्हा फुगत नाही, ती बदलाच. ईपीडीएमची, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराची घ्या. वरून सिलिकॉन थापू नका, उघडझाप होणाऱ्या सांध्यात ते टिकत नाही. छताच्या पक्क्या जोडांवर मात्र जुनं खरवडून ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा. नव्या पट्टीला व्हॅसलीन अजिबात नको, रबर खराब होतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. मृग लागायच्या आत उरका, ओल्या कडेवर टेप धरत नाही.