तिला ते दोन दिवस द्या

प्रश्न : आम्ही सावंतवाडीला राहतो. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीला 91 टक्के होते, आता 58 वर आली. प्रोजेक्ट म्हणून वाचनालयाची वेबसाइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करते आहे. सभासदाचं नाव टाकलं की त्याने नेलेली पुस्तकं दिसतात, पण डिसोझा आडनाव टाकलं की पान कोरं येतं. त्यात चार रात्री घालवल्या. काही विचारलं तर म्हणते, ‘बाबा, दोन दिवस द्या, मी शोधते.’ माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, पीएचपी संपलं. म्हणून तयार प्रोजेक्ट विकत आणून द्यायचा आणि तिला डेटा सायन्सच्या क्लासला घालायचं ठरवलंय. फी 85 हजार, शुक्रवारपर्यंत भरायची आहे. पुढे एमसीए करावं का, तेही सांगा.
– एक पालक

उत्तर : 58 टक्के मी बाजूला ठेवते. मला अस्वस्थ केलं ते तयार प्रोजेक्टच्या वाक्याने. तुमच्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकच वाक्य आहे, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. ‘दोन दिवस द्या, मी शोधते.’ अहो, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना एरर दिसली की ती मित्राचा कोड उचलतात. तुमची मुलगी चार रात्री त्याच प्रश्नापाशी थांबली आणि अजून हरलेली नाही. अशा वेळी वडीलच विकतचा प्रोजेक्ट घेऊन आले, तर ‘तुला हे जमणार नाही’ एवढंच तिला ऐकू येईल. शिवाय तोंडी परीक्षेत त्या परक्या कोडवर प्रश्न आले, की मान खाली घालायची वेळ तिच्यावर येईल.

तिचा प्रश्न किरकोळही नाही. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना डी या अक्षरानंतर बहुधा अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकणारा स्वल्पविराम, येते. क्वेरी म्हणजे डेटाबेसला, माहितीच्या साठ्याला, विचारलेला प्रश्न. तिने नाव थेट त्या क्वेरीच्या वाक्यात जोडलं असणार. मजकूर कुठे संपतो हे डेटाबेसला त्याच चिन्हावरून कळतं, त्यामुळे नाव डीपाशीच तुटतं आणि उरलेल्या अक्षरांचा अर्थ लागत नाही. क्वेरी फसते, आणि एरर दाखवणं बंद असेल तर पान कोरं राहतं. तिला सांगा, कोऱ्या पानाची कारणं दोन असू शकतात : क्वेरी फसली, किंवा क्वेरी नीट चालली पण त्या सभासदाच्या नावावर एकही पुस्तक नाही. शून्य ओळी येणं ही चूक नव्हे, ते खरं उत्तर आहे. तिथे ‘सध्या एकही पुस्तक नेलेलं नाही’ असं लिहून यायला हवं. क्वेरी फसली तर मात्र तपशील लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, जायला हवा आणि वाचकाला साधा निरोप दिसायला हवा. हा फरक नोकरीला लागलेली मुलंही अनेकदा करत नाहीत.

उपाय आहे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. छापील अर्जात जशी नावाची जागा मोकळी असते, तशी क्वेरी आधी तयार होते आणि नाव नंतर वेगळं पाठवलं जातं. मग नावात कुठलंही चिन्ह असो, ते नावच राहतं. नाव थेट जोडलं की फट राहते, आणि तिच्यातून वाईट हेतूचा माणूस नावाच्या जागी आज्ञा घुसवून सगळ्या सभासदांची माहिती काढू शकतो. क्वेरी लिहिण्याची भाषा एसक्यूएल, म्हणून त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. तुमच्या मुलीला ही फट एका खऱ्या आडनावामुळे सापडली. हे तिने प्रोजेक्टच्या अहवालात जरूर लिहावं.

आता भाच्याचं म्हणणं. पीएचपी 1995 मध्ये आली आणि संपलेली नाही. वेबसाइट बनवण्याचं वर्डप्रेस तिच्यावर चालतं, विकिपीडियामागचं मीडियाविकी चालतं, अनेक महाविद्यालयांतलं ऑनलाइन अभ्यासाचं मूडलही चालतं. संपली ती मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शन्स. 2013 मध्ये ती वापरू नका असं जाहीर झालं आणि 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 मधून ती काढून टाकली. गंमत नाही, पण विकतच्या ‘तयार’ प्रोजेक्टांत आणि जुन्या व्हिडिओंत आजही तीच सापडतात. म्हणजे 2015 मध्ये बाद झालेला कोड तुम्ही पैसे मोजून घरी आणाल. त्यांच्या जागी तिने पीएचपीतलंच मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ हे साधन वापरावं. आणि डेटा सायन्स म्हणाल, तर तिथेही रोजचा बराच वेळ डेटाबेसला नेमका प्रश्न विचारण्यात आणि आलेल्या ओळी तपासण्यात जातो. एसक्यूएल दोन्हीकडे तेच. ती आत्ता तेच शिकते आहे, तेही फुकट.

एमसीए करायचंच असेल तर राज्याची एमसीए सीईटी आहे, एनआयटी या राष्ट्रीय संस्थांसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा. प्रोजेक्ट सादर झाल्यावर ठरवा, आणि तिने विचारलं तरच.

मार्क का घसरले, हे तुम्ही तिला विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. एकदा शेजारी बसा आणि ते वाचनालयाचं पान तिच्याकडूनच समजून घ्या. भाच्याचं नाव तेवढा वेळ काढू नका. क्लासची फी शुक्रवारी भरू नका. ही बॅच गेली तर पुढे दुसरी मिळेल. त्याआधी हा प्रोजेक्ट तिचा तिला पूर्ण करू द्या.