पिवळ्या दाराची घंटा वाजवायची नाही

मागच्या अंकात नर्सरीतल्या दिवसांबद्दल लिहिताना ‘बॅलामोरी’ एका ओळीत उरकली होती. ग्लासगोच्या नर्सरीत अकरा वर्षं मदतनीस म्हणून काढली आहेत, त्यामुळे एकदा बोलायला लागले की थांबत नाही हे मला माहीत होतं. पण वाचकांनी काही सोडलं नाही. या महिन्याची बहुतेक पत्रं त्यावरच आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ही बीबीसीच्या सीबीबीज वाहिनीवरची, शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांची मालिका. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बॅलामोरी नावाचं काल्पनिक बेट, तिथली सात रंगांची सात घरं आणि त्यांत राहणारी हाडामांसाची माणसं. कार्टून नाही, बाहुल्या नाहीत. २००२ ते २००५ या काळात अडीचशेहून अधिक भाग झाले.

प्रश्न : मुलाकडे लीड्सला सहा महिन्यांसाठी आले आहे. नातू सव्वातीन वर्षांचा आहे. त्याला बॅलामोरीचे जुने भाग लागतात. हिरव्या कपड्यांतली एक बाई दारात येऊन बोलते, मग कुणाचं तरी काहीतरी अडतं आणि संध्याकाळपर्यंत सुटतं. मारामारी नाही हे चांगलंच, पण ताई, त्यात काही घडतच नाही हो! आणि तोच भाग लागोपाठ तीनदा. याने डोकं मंद होईल का? – एक आजी

उत्तर : आजी, काही घडत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेच म्हणाले होते.

फक्त एक करा. पुढच्या वेळी टीव्हीकडे पाहू नका, नातवाकडे पाहा. ती हिरव्या कपड्यांतली मिस हूली बालवाडीची बाई आहे. आता कुणाकडे जायचं, हे थेट नाव घेऊन सांगितलं जात नाही. रंगावरून ओळखायचं असतं. हिरवं घर मिस हूलीचं, पांढरं पोलीस पीसी प्लमचं, गुलाबी किल्ला आर्चीचा, निळं बस चालवणाऱ्या ईडी मॅक्रीडीचं, पिवळं उड्या मारणाऱ्या जोसी जंपचं, नारिंगी रंगारी स्पेन्सरचं आणि लाल घर म्हणजे सुझी स्वीट आणि पेनी पॉकेट यांचं दुकान. आपण मोठी माणसं नावाची वाट पाहतो. मूल रंग दिसला की ओरडतं. टीव्हीच्या आधी त्याला उत्तर आलेलं असतं. तिसऱ्यांदा तोच भाग पाहताना तर शंभर टक्के आधी येतं. दिवसभर ज्याला मोठी माणसं ‘हे असं नाही, तसं’ सांगत असतात, त्याला वीस मिनिटं सगळं आधीच ठाऊक असतं. ही चैन त्याने का सोडावी?

आमच्या वर्गात एक मुलगा होता. घरी इंग्रजी नाही, नर्सरीत येऊन तीन महिने झाले तरी तोंडातून एक शब्द नाही. भूक लागली तर बोट दाखवायचा, शू लागली तर माझा ॲप्रन ओढायचा. एका पावसाळी दुपारी मी मुलांना गंमत म्हणून विचारलं, दह्याचे रिकामे डबे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या चिकटवून यंत्रं बनवतो तो कोण? बाकीची पोरं ‘आर्ची, आर्ची’ करून उड्या मारत होती. हा उठला, ठोकळ्यांच्या पेटीत हात घालून ढवळाढवळ केली, गुलाबी ठोकळा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, ‘पिंक.’ मी तो ठोकळा उचलून घेतला आणि काही बोललेच नाही. बोलले असते तर तो पुन्हा गप्प झाला असता, असं मला वाटलं. त्या आठवड्यात तो आणखी दोन रंग बोलला. मालिकेने जादू केली असं मी म्हणत नाही, तो कधीतरी बोललाच असता. पण त्याला पहिला शब्द तिथे सापडला.

तुमच्यासाठी एक काम सांगते. प्रत्येक भागाच्या शेवटी मिस हूली दिवसभरात काय झालं ते पुन्हा सांगते. ते सुरू झालं की आवाज बंद करा आणि नातवाला म्हणा, आता तू सांग, मराठीत. पहिल्या दिवशी ‘बस आली’ एवढंच म्हणेल. चालेल.

प्रश्न : ऑगस्टमध्ये टोबरमोरीला जायचं ठरवतोय. मुलगी तीन वर्षांची. गुलाबी किल्ला बघायचाच असा हट्ट आहे. कार न्यावी का? – एक बाबा

उत्तर : आधी वाईट बातमी. किल्ला तिथे नाहीच. मालिकेतलं गाव म्हणजे मल बेटावरचं टोबरमोरी, हे खरं. पण आर्चीचा किल्ला म्हणजे फेंटन टॉवर, तो एडिंबराच्या पूर्वेला नॉर्थ बेरिकजवळ आहे. म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्याला! निघायच्या आधीच मुलीला काहीतरी पटण्यासारखं सांगून ठेवा, नाहीतर बंदरावर उभं राहून तुम्हाला भूगोल शिकवावा लागेल.

कार न्या, पण बोटीवर गाडीची जागा आधी राखून ठेवा. ऑगस्टात आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. मुख्य भूमीवरच्या ओबानहून मल बेटावरच्या क्रेगन्यूरला कॅलमॅक कंपनीची बोट जाते, पाऊण तासाच्या आसपास लागतो. तिथून टोबरमोरी साधारण ३४ किलोमीटर. काही रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की बाजूच्या मोकळ्या जागेत थांबून वाट द्यायची आणि हात वर करायचा. हात वर करायला विसरू नका, तिथे त्यावरून माणूस ओळखतात.

आम्ही २००४ च्या उन्हाळ्यात गेलो होतो. लेक साडेचार वर्षांची. बोटीवर सोसाट्याचा वारा. चहाच्या काउंटरवरची बाई कप देताना कुणाला तरी म्हणाली, ‘इट्स ब्लोइंग अ हूली!’ तिकडे वादळी वाऱ्याला ‘हूली’ म्हणतात. मला तेव्हा ठाऊक होतं, लेकीला नव्हतं. तिने फक्त ‘हूली’ ऐकलं. मग काय, मिस हूली बोटीवर आहे! वरचा डेक, खालचा डेक, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग, सगळं पालथं घातलं. हिरवा रेनकोट घातलेल्या एका अनोळखी बाईंना तिने हात धरून थांबवलं. त्या बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, ‘आज मी नाही गं’ म्हणाल्या. ‘आज’ म्हणाल्या हे त्यांचे उपकार, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं.

टोबरमोरीत उतरल्यावर मात्र एकदम गप्प झाली. समोर पाण्याच्या कडेने रंगीत घरांची रांग. एकेका घराकडे बोट दाखवून पुटपुटायला लागली. एका पिवळ्या घरापाशी जाऊन थांबली. ते मालिकेतलं होतं की दुसरंच, मला आजही सांगता येणार नाही. घंटेकडे हात गेला. मी घाईघाईने म्हटलं, जोसी कामावर गेलीय. तिने दाराकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘मग कुलूप कुठाय?’ आजीच्या घरी बाहेर पडताना दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप लागतं, ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. कुलूप नाही म्हणजे माणूस घरात आहे, आणि आपण खोटं बोलतोय. मला काही सुचलं नाही. आइस्क्रीमवर भागवलं.

तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, ती घरं लोकांची राहती आहेत. मालिका जोरात होती त्या काळात लहान पोरं घेऊन आलेल्या कुटुंबांनी बंदर भरून जायचं. आत कुणीतरी जेवत बसलेलं असतं आणि बाहेर पोरगं ‘स्पेन्सर’ म्हणून हाक मारतं, रोज कोण सहन करेल? शिवाय घराला रंग मालकाच्या मर्जीने दिला जातो. मुलीला हवा तो रंग हव्या त्या जागी नसेलही. मुलीला लांबून ओळखायचा खेळ द्या. घंटा नाही.

बंदरावर एक घड्याळाचा मनोरा आहे, तो चुकवू नका. इझाबेला बर्ड या प्रवासिनीने आपली बहीण हेन्रिएटा हिच्या आठवणीसाठी तो उभारायला पैसे दिले. हीच बाई काश्मीर-लडाखपर्यंत हिंडली होती आणि श्रीनगरला तिने इस्पितळ काढलं होतं. मुलीला यात रस नसेल, तुम्हाला असेल. मुलीला सांगा की १५८८ साली याच खाडीत स्पेनचं जहाज बुडालं आणि त्यातलं सोनं शोधायला लोक शेकडो वर्षं बुड्या मारत होते. त्यावर किल्ल्याचा हट्ट अर्धा तास तरी लांबणीवर पडेल.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी व्हीलचेअर वापरते. पेनी पॉकेट खरंच चालू शकत नाही की नाटक आहे, असं ती विचारते. – एक आई

उत्तर : नाटक नाही. पेनीचं काम करणाऱ्या किम त्सेरकेझी स्वतः व्हीलचेअर वापरतात. आणि मला आवडलेली गोष्ट अशी की पेनी दुकान चालवते, हिशेब बघते, वैतागते, हसते. खुर्ची तिथे आहे, ईडीची बस जशी आहे तशी. बिचारी म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

आमच्या नर्सरीला दारात दोन पायऱ्या होत्या. एकदा बॅलामोरी-बॅलामोरी खेळताना एका पोरीने विचारलं, पेनी आत कशी येईल? आम्ही सगळ्या मोठ्या बायका एकमेकींकडे बघत राहिलो. उतार करून देतो असं वरचे लोक वर्षानुवर्षं सांगत होते. मी नोकरी सोडली तोवर तो झालेला नव्हता.

प्रश्न : जोसी जंप मध्येच बदलली. मुलांच्या लक्षात येत नाही का?

उत्तर : येतं. आधी बुकी अकिब, नंतर कासिया हदाद. आमच्या वर्गात एक दिवस कुजबुज झाली. मग कुणीतरी म्हणालं, पिवळे कपडे आहेत ना, मग जोसीच. विषय संपला. मोठ्यांच्या मालिकांत पात्र बदललं तर आपण महिनाभर कुरकुरतो!

प्रश्न : आर्ची मी रेडिओवर ऐकला, शपथेवर सांगतो.

उत्तर : शपथ नको, खरं आहे. आर्चीचं काम करणारे ते माइल्स जप. मालिकेत काम मिळालं तेव्हा एडिंबरा विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते. पुढे विनोदी कार्यक्रम करू लागले आणि बीबीसी रेडिओवरच्या ‘न्यूज क्विझ’चं सूत्रसंचालनही केलं. गुलाबी स्वेटर आणि किल्ट, म्हणजे तो स्कॉटिश पुरुषांचा घागरा, मात्र आमच्या पिढीच्या आया विसरणार नाहीत.

प्रश्न : आम्ही नुकतेच ॲबर्डीनला आलो. मुलगा लहानला ‘वी’ आणि होला ‘आय’ म्हणायला लागलाय. हे थांबवावं का?

उत्तर : अजिबात नको. तिथली माणसं तसंच बोलतात आणि त्याला त्यांच्यातच खेळायचंय. फक्त घरच्या फोनवर सांभाळा. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं, जेवलीस का? लेक म्हणाली, ‘आय.’ सासूबाई म्हणाल्या, अगं आयला नंतर हाक मार, आधी जेवलीस का ते सांग! असं चार वेळा झालं आणि फोनचं बिल मी भरलं.

प्रश्न : नवे भाग येणार असं ऐकलं. खरं का? आणि सुझी स्वीट असेल का? नातीची ती फार लाडकी आहे. – एक आजोबा

उत्तर : खरं. बीबीसीने २०२५ मध्ये घोषणा केली. मिस हूली पुन्हा ज्युली विल्सन निम्मो आणि पीसी प्लम पुन्हा अँड्र्यू ॲग्न्यू. वीस वर्षांनी तीच माणसं म्हटल्यावर आमच्या जुन्या नर्सरीच्या बायकांच्या ग्रुपवर दिवसभर हिरवे बदाम येत होते.

सुझीचं काम करणाऱ्या मेरी रिगन्स मात्र २०१३ साली गेल्या. नातीने विचारलं तर लपवू नका आणि लांबणही लावू नका, एका वाक्यात सांगा. या वयाचं मूल ते ऐकून घेतं आणि लगेच विचारतं, मग दुकानात कोण असतं? त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. दुकान दोघींचं होतं, तेव्हा पेनी असते.