वाचकांचे प्रश्न : छोट्या कलादालनातलं प्रदर्शन

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत. गावातलं लहानसं दालन, आसपासचे चित्रकार आणि कारागीर, हौसेने राबणारे चार कार्यकर्ते, आणि वर्षाकाठी दोन-तीन प्रदर्शनं. मोठ्या संग्रहालयाची साधनं हाताशी नसताना हे काम नीट कसं करावं, असा सगळ्यांचा रोख आहे. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

खुलं आवाहन केलं आणि नव्वद कामं आली. सगळी लावली तर भिंती गच्च होतात, नाही म्हणावं तर माणसं दुखावतात. काय करावं?

काम हातात घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं वाईटच. म्हणून हिशेब आवाहनाआधी करायचा असतो. टेप घ्या, प्रत्येक भिंत मोजा. दारं, खिडक्या, विजेचे बोर्ड आणि ओल येणारे कोपरे वजा करा. समजा, वापरता येणारी भिंत २४ मीटर उरली. चित्राची सरासरी रुंदी ५५ सेंटिमीटर आणि दोन चित्रांमधली जागा २० सेंटिमीटर धरली, तर एका चित्रामागे ७५ सेंटिमीटर लागतात. म्हणजे एका ओळीत ३२ चित्रं, त्याहून जास्त नाहीत. हा आकडा आवाहनातच छापा. सोबत दोन मर्यादा घाला: माणशी किती कामं आणि फ्रेमसह जास्तीत जास्त रुंदी किती. वाद या मर्यादा न छापल्यामुळे होतात, त्या कडक असल्यामुळे नाही.

सगळ्यांनाच सामावून घ्यायचं असेल तर मापच लहान ठरवा. २० × २० सेंटिमीटरच्या कोऱ्या पाट्या सगळ्यांना वाटायच्या आणि त्यावर रंगकाम, भरतकाम, कोरीवकाम, ज्याला जे येतं ते करून आणायचं. पाट्यांमध्ये ५ सेंटिमीटर जागा सोडली तर ४ मीटरच्या भिंतीवर १६ स्तंभ आणि ४ ओळी मिळून ६४ कामं बसतात. चार ओळींची एकूण उंची ९५ सेंटिमीटर भरते, म्हणजे सगळं नजरेच्या टप्प्यात राहतं. नवशिक्याचं काम मुरलेल्या हाताच्या शेजारी लागतं आणि दोघांना भिंत सारखीच मिळते. खुल्या प्रदर्शनासाठी आम्हाला हीच रीत सर्वांत न्याय्य वाटते.

नव्वद कामं आलेलीच आहेत, तर आधी प्रत्येकाचं एक-एक काम लावा. तरी उरली तर कालावधी दोन भागांत विभागा आणि बदलाची तारीख सगळ्यांना लेखी कळवा. दालनाच्या कोपऱ्यात, जमिनीला टेकवून मात्र कुणाचं काम ठेवू नका. त्यापेक्षा स्पष्ट नकार बरा.

चित्रं सारखी तिरकी होतात. एकदा तर मोठी फ्रेम खाली आली. खिळा भिंतीत जागच्या जागी होता, तार सुटली होती.

कारण तुमच्या पत्रातच आहे. फ्रेम नीटस दिसावी म्हणून मागची तार ताणून सरळ बांधली जाते आणि तिथेच घात होतो. तार जितकी आडवी, तितका तिच्यावरचा ताण जास्त. तार टांगल्यावर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला फ्रेमच्या वजनाइतका ताण येतो. हाच कोन १० अंशांवर आला की ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे ८ किलोची फ्रेम डी-रिंगच्या (फ्रेममागच्या, तार ओवायच्या कडीच्या) स्क्रूला सुमारे २३ किलोने ओढत असते. पातळ पट्टीतला आखूड स्क्रू तेवढं सोसत नाही.

डी-रिंग फ्रेमच्या वरच्या कडेपासून उंचीच्या साधारण एक-तृतीयांश खाली लावा, तार थोडी सैल ठेवा. टांगल्यावर तारेचा हुकावर अडकलेला शेंडा फ्रेमच्या वरच्या कडेवरून डोकावू नये, एवढीच अट. तार रिंगमधून दोनदा ओवून घ्यायची, मग मूळ तारेभोवती पाच-सहा घट्ट वेढे द्यायचे. नुसता पीळ दिलेली तार हळूहळू सरकते आणि चार-आठ दिवसांनी, दालन बंद असताना सुटते. म्हणून फ्रेम ताब्यात घेतली की आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली गादी घालून, रात्रभर टांगून ठेवा. सुटायची असेल तर तिथेच सुटू दे.

१० किलोच्या वरच्या फ्रेमला तार नकोच. दोन डी-रिंग थेट दोन हुकांवर अडकवा. तिरकेपणावरही हाच इलाज आहे: फ्रेम एका खिळ्यावर असली की दाराच्या धक्क्यानेही फिरते, दोन हुकांवर फिरत नाही. लहान फ्रेमलाही १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर दोन हुक द्या आणि खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा. त्यामुळे फ्रेम घसरत नाही आणि मागून हवाही खेळते.

उंचीसाठी फ्रेमची वरची किंवा खालची कड जुळवत बसू नका, मध्य जुळवा. जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत १५० सेंटिमीटर सर्वसाधारणपणे चालतं. मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे प्रेक्षक बरेच असतील तर १४० ते १४५ घ्या. हुकाची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. फ्रेम ६० सेंटिमीटर उंच आणि तार ८ सेंटिमीटर खाली असेल तर १५० + ३० – ८ = १७२. तार बोटाने वर ओढून मगच ते ८ सेंटिमीटर मोजा. सैल तार मोजली की सगळी ओळ खाली-वर होते.

जुन्या मातीच्या किंवा भुसभुशीत गिलाव्याच्या भिंतीत खिळा धरत नसेल तर भोकं पाडत सुटू नका. छताजवळ एकच मजबूत आडवी पट्टी पक्की बसवा आणि तिच्यावरून तारेने चित्रं सोडा. पुढच्या प्रदर्शनालाही तीच कामी येते.

जलरंगातली चित्रं फ्रेममध्ये लाटांसारखी फुगली. शिवाय खिडकीसमोरच्या चित्राचा रंग उडाल्यासारखा वाटतो.

कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. चारही कडा चिकटवल्या की त्याला पसरायला जागा उरत नाही, मग तो मधोमध फुगतो. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ पण चिवट कागदाच्या बिजागऱ्यांवर टांगायचं असतं. त्यासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, ती पुढे पाण्याने सुटते. सेलोटेप आणि मास्किंग टेप कधीच नको. त्यांचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि डाग जात नाही. माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, आम्लमुक्त घ्या. साध्या बोर्डाच्या कापलेल्या कडेवर तपकिरी रेघ येते, ती चित्रावरही उमटते. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची जाडी हवीच, नाहीतर ओल धरून बुरशी येते. कोळशाच्या आणि पेस्टलच्या चित्रांना ॲक्रिलिकचं पारदर्शक पान नको, काचच लावा. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि ती रंगाची भुकटी ओढून घेते.

आता उजेड. उजेडाने झालेलं नुकसान साचत जातं, भरून येत नाही. जलरंग, छापील कागद, रंगवलेलं कापड आणि रंगवलेलं गवत यांना ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे. तैलरंग आणि ॲक्रिलिक रंगांना २०० लक्सपर्यंत चालतं. दगड, धातू आणि भाजलेली माती यांना उजेडाची भीती नाही. थेट ऊन १,००,००० लक्सपर्यंत जातं. म्हणजे जलरंगावर एक तास ऊन पडलं तर ५० लक्सच्या उजेडात रोज ८ तास असं २५० दिवस चित्र लावल्याइतका मारा बसतो. ‘सकाळी थोडाच वेळ ऊन येतं’ हे समाधान म्हणूनच खोटं. खिडकीसमोरची भिंत मातीकामाला किंवा धातूकामाला द्या, किंवा खिडकीला जाड पांढरं कापड लावा.

दिवे एलईडीचे घ्या, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असलेले. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी ३० अंशांवर असला की काचेवर चकाकी येत नाही. छताची उंची ३ मीटर आणि चित्राचा मध्य दीड मीटरवर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण ८७ सेंटिमीटरवर येतो. छत आणि चित्राचा मध्य यांतलं अंतर गुणिले ०.५८, एवढंच गणित.

हाताने शिवलेल्या गोधड्या आणि एक लोकरी गालिचा टांगायचा आहे. गालिच्याला कसर लागल्याचा संशय आहे.

आधी गालिचा बाकीच्या कामांपासून लांब न्या, आजच्या आज. पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून बघा. वाळूसारखे कण, बारीक नळकांडी किंवा वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर संशय खरा. फवारा मारू नका, डाग पडतात आणि धाग्याच्या आतली अंडी मरत नाहीत. गालिचा जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळा, आतली हवा दाबून काढा, चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंश सेल्सियसला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडलीत तर केलेलं वाया जाईल: थंड लोकरीवर हवेतली वाफ जमते, ओल धरते, बुरशी लागते. गालिचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत निदान २४ तास पिशवी बंदच राहू द्या. हा उपाय फक्त साध्या कापडाला आणि लोकरीला. आरसेकाम, लाखकाम किंवा रंगाचा जाड थर असलेली वस्तू फ्रीजरमध्ये घालू नका.

गोधडीला कोपऱ्यांवर चिमटे किंवा खिळे लावू नका, सगळं वजन त्या दोन बिंदूंवर येऊन कापड फाटतं. सुती कापडाची १० सेंटिमीटर रुंद नळी शिवा आणि गोधडीच्या मागे, वरच्या कडेला, हाताने टाके घालून बसवा. टाके मागच्या थरातच राहावेत, दर्शनी बाजूला उमटू नयेत. नळीतून लाकडी दांडा घालायचा. कच्चं लाकूड कापडाला टेकलं की डाग देतं, म्हणून दांड्यावर आधी ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा. जड गोधडीसाठी वेल्क्रो बरा: मऊ पट्टी सुती फितीवर आणि ती फीत गोधडीवर शिवायची, काट्यांची पट्टी भिंतीवरच्या फळीला ठोकायची. सुरकुत्या हाताने सारख्या करून मग दाबता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

मातीची भांडी खांबांवर ठेवतो. गर्दीत धक्का लागून पडण्याची भीती वाटते.

खांब ९० ते ११० सेंटिमीटर उंच ठेवा आणि पोकळ असतील तर तळाशी वाळूच्या पिशव्या घाला. दोन खांबांमध्ये निदान १२० सेंटिमीटर वाट सोडा. चकचकीत भांड्याच्या तळाला तीन ठिकाणी वाटाण्याएवढं म्युझियम वॅक्स, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणारं चिकट मेण, लावा. काढताना भांडं उचलायचं नाही, आधी हलकेच फिरवायचं. झिलई नसलेल्या मातीत हे मेण मुरून डाग पडतो, अशा भांड्याच्या आत बारीक वाळूची छोटी पिशवी ठेवा.

विक्रीवर दालन ३० टक्के ठेवून घेतं. कारागीर म्हणतात की पैसे कमी येतात, पण त्यांनी तर ३० टक्के वाढवूनच किंमत लावलेली असते.

गोंधळ इथेच आहे. कारागिराला हातात १०० हवेत आणि त्याने किंमत १३० लावली, तर १३० चे ३० टक्के म्हणजे ३९ जातात आणि हाती ९१ उरतात. हवी ती रक्कम ०.७० ने भागायची: किंमत येते १४३. हे उदाहरण स्वीकार-अर्जावरच छापा, दरवेळी तोंडी समजावावं लागणार नाही.

त्याच अर्जावर कामाचा क्रमांक, उंची-रुंदी-खोली याच क्रमाने मापं, आधीच असलेले ओरखडे किंवा तडे, किंमत, दालनाचा वाटा, पैसे कधी मिळणार आणि न विकलेलं काम कधी परत न्यायचं, एवढं हवंच. देताना आणि परत नेताना, अशा दोन सह्या घ्या, आणि काम आलं त्या दिवशीच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. विकलेलं काम मात्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहील, हे गिऱ्हाईकाला पैसे घेण्याआधी सांगा.

चित्रांखाली चित्रकाराचं नाव असतं. टोपल्या, विणकाम, भरतकाम यांखाली नुसतं ‘हस्तकला’ लिहितात. हे बदलता येईल का?

बदललंच पाहिजे. टोपली विणणारीनेही तंत्र, माप आणि नक्षी यांचा तितकाच विचार केलेला असतो, आणि नावाशिवाय तिच्याकडे पुढचं काम चालून येत नाही. कामाजवळच्या नावाच्या पट्टीवर सगळ्यांसाठी एकच साचा ठेवा: करणाऱ्याचं नाव, कामाचं नाव, वर्ष, साहित्य आणि तंत्र, माप. ‘बांबू’ एवढंच न लिहिता बांबू कसा चिरला, वीण कोणती, रंग कशाचा, हे कारागिराला विचारून त्याच्याच शब्दांत लिहा. चौघींनी मिळून केलं असेल तर चारही नावं हवीत. गटाचं नाव त्यांच्या खाली. कुणाला नाव द्यायचं नसेल तर तसं अर्जावर लिहून घ्या, आपण गृहीत धरायचं नाही.

अक्षरं निदान १८ पॉइंटची, फिकट कागदावर काळी. पट्टी कामाच्या उजवीकडे, सगळ्यांची एकाच उंचीवर. खांबावरच्या वस्तूंची पट्टी खांबाच्या वरच्या कडेलगत, तिरकी लावावी, म्हणजे वाचायला वाकावं लागत नाही. छापण्याआधी प्रत्येक नाव त्या-त्या माणसाला दाखवून तपासून घ्या.