नागपूरचे सुती कुर्ते मुंबईत चालतील का?

नागपूरहून मुंबईला बदली, जूनमध्ये रुजू व्हायचंय आणि कपाटभर जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कुर्ते आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातले थोडेच न्या.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, त्रास होतो तो उन्हाचा आणि झळांचा. म्हणून तिथे अंगभर सैल कपडे, गाडीवर तोंडाला स्कार्फ. मुंबईत पारा बहुतेक वेळा ३५ च्या आतच, तरी दमट हवेत घाम वाळतच नाही. जाड कापड तो पिऊन पाठीला चिकटतं. तिथे मलमल किंवा पातळ सुती, आखूड बाह्यांचं बरं. स्लीव्हलेसही बिनधास्त घाला, ऑफिसातही त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. अस्तर सुतीच लावा. क्रेपचं लावलंत तर वरच्या मलमलीचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात मात्र शुद्ध सुतीचा हट्ट सोडा. जॉर्जेट किंवा पॉलिस्टर मिसळलेलं सुती पंख्याखाली रात्रीत वाळतं, जीन्स दोन-दोन दिवस ओलीच. रेयॉन भिजला की जड होऊन लोंबतो आणि ताण बसेल तिथे फाटतो. पलाझो चिखल ओढत आणतो. पँट घोट्याच्या चार बोटं वर हवी. कोळीवाड्यातल्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून नेसत आल्या ते याचसाठी: पाण्यातलं काम, काठ भिजून कसं चालेल? पायात रबरी सँडल. कोल्हापुरी भिजली की कातडं फुगतं, मग बुरशी.

लोकलने जाणार असाल तर ओढणी शक्यतो नकोच. गर्दीत ती कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि उतरताना गळ्याला फास बसतो. हवीच असेल तर दोन्ही खांद्यांवर पिना लावा आणि टोकं कमरेशी बांधा. कुर्त्याला बाजूचे कट मोठे ठेवा, डब्यात चढताना पाय अडत नाही. ऑफिसच्या एसीत ओल्या कपड्यांनी हुडहुडी भरते, तेव्हा एक कोरडा कुर्ता ड्रॉवरमध्ये ठेवाच.

रेशमी साड्या नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळा. कोंडलेल्या दमटपणाने जरीचे काठ काळे पडतात. पाऊस सरला की सावलीत वारा द्या आणि घडी बदला.