टेंपररी कॅप-ब्रिज: पावडरचा, गनमधला की मिलिंगचा?

प्रश्न : खालची एक दाढ काढली, आता शेजारचे दोन दात घासून तीन दातांचा ब्रिज करायचाय. पक्का येईपर्यंत टेंपररी लावला तो आठ दिवसांत मधोमध तुटला. तो गनमधून पेस्ट काढून बनवलेला. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी पावडर आणि लिक्विड कालवून बनवला, वास नको झाला आणि दात गरम पण लागला. नवीन मटेरियल सोडून जुनं का वापरलं? स्वस्त म्हणून?

उत्तर : स्वस्त आहे हे खरं, पण तुमच्या केसमध्ये ते त्यासाठी वापरलं असेल असं मला वाटत नाही. पावडर-लिक्विडचं ते ॲक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, कवळीचा गुलाबी भाग ज्याचा बनतो त्याच घराण्यातलं. गनमधलं ते बिस-ॲक्रिल, दात भरायच्या कॉम्पोझिटचा चुलतभाऊ म्हणा, आत काचेची बारीक पूड असते. त्याला वास कमी, उष्णता कमी, आकसणं कमी, दोन्ही पेस्ट गनच्या टोकातच मिसळून येतात त्यामुळे प्रमाण चुकत नाही आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. म्हणून एका दाताच्या कॅपला बहुतेक डॉक्टर आज हेच घेतात, मी पण घेते. पण ते ठिसूळ असतं. पीएमएमए थोडं वाकून ताण सहन करतं, बिस-ॲक्रिल वाकत नाही, सरळ तडकतं, आणि ब्रिज म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॅप, त्यात मधल्या खोट्या दाताखाली काही आधार नसतो, सगळा जोर दोन बाजूंच्या जोडांवर येतो.

इथे एक साधं गणित आहे जे पेशंटला कुणी सांगत नाही. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाखाली ती आठपट वाकते, आणि जाडी अर्धी केली तरीही आठपट. म्हणजे मटेरियल कुठलंही असो, जोड जर बारीक ठेवला, दिसायला छान दिसावा म्हणून दोन दातांमधली खाच खोल कापली, तर तो तुटणारच. तुमचा पहिला ब्रिज नेमका कुठे तुटला ते बघा, जोडावर तुटला असेल तर दोष पेस्टपेक्षा जोडाच्या उंचीचा असायची शक्यता जास्त. आणि हो, बिस-ॲक्रिल पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीला आलेलं नसतं, म्हणून पहिले चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर सांगायला हवं होतं.

आता उष्णतेचं. लिक्विडमधला मोनोमर, म्हणजे ज्याचं प्लास्टिक बनतं तो कच्चा द्रव, कडक होताना तापतो आणि आकसतो, पावडरमध्ये कालवला की आकसणं साधारण सहा-सात टक्क्यांवर येतं, नुसता मोनोमर असता तर एकवीसच्या आसपास गेलं असतं. जिवंत नस असलेल्या दाताला ही उष्णता सोसत नाही. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या कामात नस ५.५ अंश सेल्सियसने तापली तेव्हा १५ टक्के दातांतली नस पुन्हा सावरली नाही, तो आकडा आजही आम्ही डोक्यात ठेवतो. म्हणून नीट करणारा डॉक्टर पीएमएमए तोंडातच पूर्ण कडक होऊ देत नाही, रबरासारखं असताना काढतो, पुन्हा बसवतो, वर पाण्याचा फवारा मारतो, आणि शेवटचं कडक होणं तोंडाबाहेर होतं. रूट कॅनल झालेला दात असेल तर ही काळजी फारच कमी. आणखी एक प्रकार आहे, ईथाइल मेथाक्रिलेट, तो कमी तापतो पण कमजोर आणि लवकर झिजतो, लांब ब्रिजला मी कधीच नाही घेणार.

पक्क्या ब्रिजला महिनाभरापेक्षा जास्त लागणार असेल तर डॉक्टरांना मिलिंगच्या पीएमएमएबद्दल विचारा. कारखान्यात दाब देऊन कडक केलेला ठोकळा असतो, मशीन त्यातून ब्रिज कोरून काढतं. मटेरियल तेच, पण आत पोकळ्या जवळजवळ नसतात, मोनोमर फार कमी उरलेला असतो आणि तोंडात काहीच तापत नाही. स्कॅन आणि मशीनचा खर्च वाढतो, म्हणून आठवड्याभरासाठी ते करा असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : समोरच्या दाताची टेंपररी दोन महिन्यांत पिवळट झाली. मी चहा-कॉफी पितो. पक्की पण अशीच होणार का?

उत्तर : पक्की जर सिरॅमिकची असेल तर नाही, तो पृष्ठभाग काचेसारखा असतो. टेंपररी मात्र प्लास्टिकची, ती रंग शोषते, आणि बिस-ॲक्रिलवर एक चिकट थर राहतो, हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो वरचा थर नीट कडक होत नाही, तो अल्कोहोलने पुसून मग पॉलिश केलं नाही तर डाग फार लवकर धरतो. पुन्हा पॉलिश करून मिळेल, दहा मिनिटांचं काम आहे. पण दोन महिने का लागले हा माझा खरा प्रश्न आहे. हिरडी बरी व्हायची वाट बघताय किंवा इम्प्लांट आहे, तर ठीक. नुसती तारीख पुढे ढकलली जात असेल तर थांबू नका, कारण टेंपररीचा सिमेंट मुद्दाम कमजोर असतो, हळूहळू विरघळतो, आणि आत कीड सुरू झाली तरी तुम्हाला कळत नाही. त्या सिमेंटबद्दल एक गोष्ट विचारून ठेवा: पक्की कॅप रेझिन सिमेंटने, म्हणजे कॉम्पोझिटसारख्या प्लास्टिकच्या सिमेंटने, चिकटवणार असतील तर टेंपररीला लवंगतेलाचा, म्हणजे युजेनॉलचा सिमेंट नको, तो रेझिनला नीट कडक होऊ देत नाही.

प्रश्न : टेंपररी कॅप रात्री निघाली, डॉक्टर दोन दिवसांनी भेटतील. घरी इन्स्टंट ग्लूने चिकटवू का?

उत्तर : अजिबात नाही. तो ग्लू हिरडी आणि दात दोन्हीला त्रास देतो, आणि कॅप वाकडी चिकटली तर काढताना घासलेला दात मोडू शकतो. कॅप धुवून डबीत ठेवा, फेकू नका, बहुतेक वेळा तीच पुन्हा लागते. तुटलेली असली तरी पीएमएमएची असेल तर पावडर-लिक्विड लावून आणि बिस-ॲक्रिलची असेल तर पातळ कॉम्पोझिटने जोडता येते. सैल कॅप घालून झोपू मात्र नका, घशात जायची भीती असते. पण दोन दिवस म्हणजे दोनच, आठवडा नाही, उघडा दात शेजारच्याकडे सरकतो, समोरच्या जबड्यातला दात त्या रिकाम्या जागेकडे खाली किंवा वर येतो, आणि मग मापाने बनवलेली पक्की कॅप बसत नाही. दात झिणझिणत असेल तर फोन करून उद्याच बोलवा म्हणून सांगा.