अभ्यासिकेवर मामाचं नाव का नाही

प्रिय चिनू,

मेसेजमध्ये विचारलंस ना, की मामाने स्वतःच्या पैशाने गावात अभ्यासिका बांधली तर बोर्डवर आजीचं नाव का, तुझ्या युनिव्हर्सिटीत तर बिल्डिंग देणाऱ्याचं स्वतःचंच नाव असतं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाहीये म्हणून लिहितेय.

आपल्याकडे शाळेची खोली, देवळाची पायरी, स्टॉपवरचा बाक, कुणी काही दिलं की बऱ्याचदा आईवडलांच्या स्मरणार्थ देतात. स्वतःचं नाव लावणारेही आहेत, पण मामाचं कारण वेगळं आहे आणि ते जमिनीत आहे.

१९७० मध्ये सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि नवी मुंबईसाठी जमिनी जायला लागल्या, त्यात उलव्याजवळची आपली भातशेतीही गेली, जिच्यात आजी लावणीला दिवसभर वाकून असायची. मोबदला फार कमी होता म्हणून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे सगळा पट्टा रस्त्यावर उतरला, जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के स्कीम मिळाली. म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के डेव्हलप केलेला प्लॉट परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कापून हातात येतात पावणेनऊ, म्हणजे एकर गेली असेल तर साडेतीन गुंठे!

आजोबा गेल्यावर आपल्या त्या प्लॉटची फाईल आजीच्या नावावर झाली. दारात रोज एजंट यायचे, रोख पैसे दाखवायचे, आजूबाजूच्या कितीतरी जणांनी प्लॉट हातात यायच्या आधीच विकून टाकला, त्यांना तरी काय दोष द्यायचा, घरात लग्नं होती, कर्जं होती. आजी म्हणाली विकायचं नाही. मामा तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून दुसऱ्याच्या साईटवर सुपरवायझर होता, त्याने एका बिल्डरशी भागीदारी केली, जमीन आपली, बांधकाम बिल्डरचं, फ्लॅट वाटून घ्यायचे. त्या एका बिल्डिंगवर त्याने धंदा शिकला, मग स्वतःची फर्म काढली. २०१७ मध्ये रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, आला तेव्हा बरेच बिल्डर वैतागले होते, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रोजेक्टवर खर्च करायचे म्हणून, पण मामा म्हणाला हे आधीच व्हायला हवं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला तेव्हा.

आता तू म्हणशील कायद्याने द्यावं लागत असेल. नाही गं, नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायचा नियम मोठ्या कंपन्यांना आहे, मामाची भागीदारी फर्म त्यात बसत नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे, पहिला प्लॉट आजीचा, तो मिळाला गावाच्या लढ्यामुळे, मग माझं नाव कुठून आलं त्यात? मला हे पटतं, अगदी मनापासून पटतं.

आणि बांधून देण्यापेक्षा त्याने जे पुढे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. इमारतीला पैसे द्यायला पुष्कळ लोक येतात पण दर महिन्याचं लाईट बिल, सफाई, रात्री थांबणाऱ्या माणसाचा पगार, हे कोण देणार, म्हणून त्या पहिल्या बिल्डिंगमधल्या एका गाळ्याचं भाडं त्याने कायमचं अभ्यासिकेला लावून दिलं. त्यामुळे पोलीस भरती नि एमपीएससीची तयारी करणारी पोरं, ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं, ती रात्री उशिरापर्यंत तिथे बसू शकतात.

तुला पहिल्या पगारातून काहीतरी द्यायचंय म्हणालीस. कपाटं आहेत, पुस्तकं मात्र जुनी झालीत, परीक्षेचा सिलॅबस बदलतो त्यामुळे दरवर्षी नवी लागतात. डिसेंबरमध्ये जाशील तेव्हा काय हवंय ते तिथल्या पोरांनाच विचार आणि वाशीला जाऊन घेऊन ये, पैसे मामाच्या हातात देऊ नकोस, तो घेणार नाही.

तुझी,
आई