गस्तीच्या रायफलीची तयारी
बाळा, तुझी इन्सास रायफल सरकारी मालमत्ता आहे. म्हणून तिच्यावर टॉर्च किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) बसवायचा असल्यास लेखी परवानगी घे आणि काम आर्मोररकडूनच, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याकडूनच, करवून घे. माझ्या मते सुरुवात रायफल अंगावर अडकवायच्या पट्ट्यापासून व्हावी. राजवाड्याच्या गर्दीत कुणाला धरताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि सैल पट्ट्यावरची रायफल नेमकी तेव्हाच गुडघ्यांवर आदळते, म्हणून बुलेटप्रूफ जाकीट अंगात घालूनच त्याची लांबी ठरव. टॉर्चच्या उजेडाबरोबर नळीही समोरच्या माणसावर रोखली जाते, तेव्हा नुसते पाहण्यासाठी वेगळी बॅटरी कमरेला हवीच. साइट बदलल्यास रेंजवर पुन्हा झिरोइंग कर, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवून घे. स्क्रूवर रंगाची बारीक रेघ ओढलीस, तर तो सरकलेला लगेच दिसेल. ट्रिगर हलका करण्याच्या फंदात मात्र पडू नकोस.